कानाच्या यंत्रातला 'टी': दोन उन्हाळे वापरून झाल्यावर

नागपुरात मार्चच्या शेवटी कूलर खिडकीला लागतो तो पावसाची पहिली झड आल्यावरच बंद होतो. ते तीन महिने घरात कुणी काही बोललं की ते कूलरच्या घरघरीतून गाळून ऐकावं लागतं. ज्यांचे कान शाबूत आहेत त्यांना हे जमतं. ज्यांचे गेलेत त्यांना यंत्र लावूनही जमत नाही, कारण यंत्र माणसाचा आवाज मोठा करतं तसा कूलरचाही करतं. यंत्रं विकणारी दुकानं मात्र वातानुकूलित असतात आणि तपासणीची खोली तर बंद पेटीसारखी. तिथे सगळं लख्ख ऐकू येतं, आपण पैसे भरतो, आणि एप्रिलमधल्या दुपारी घरात बसल्यावर खरी परीक्षा सुरू होते.

मी लिहितेय ते दोन वर्षांपूर्वी धंतोलीतून घेतलेल्या जोडीविषयी. कानामागे बसणारं, नळीने कानातल्या साच्याला जोडलेलं, १३ नंबरच्या सेलवर चालणारं साधं डिजिटल यंत्र. एका कानाचे २६,५०० रुपये, जोडीचे ५३,०००. रंग राखाडी, आकार शेंगदाण्यापेक्षा मोठा, केस मागे बांधले तर दिसतंच. दिसण्यासाठी मी पाचपैकी दोनच गुण देईन. कामासाठी पाचपैकी पाच देते, आणि ते पाच ज्या 'टी' नावाच्या एका लहानशा भागामुळे देते त्याची हकीकत लंडनच्या एका जुन्या कंपनीपर्यंत जाते. ती कंपनी कानाची यंत्रं करायची आणि पुढे पेजर, म्हणजे खिशात ठेवायचं बोलावणं पोचवणारं यंत्र, करू लागली. ती हकीकत वगळून मला या यंत्राविषयी नीट लिहिता येणार नाही.

आधी माझ्याविषयी थोडं. मी टेलिफोन ऑपरेटर होते. १९७४ मध्ये लागले तेव्हा पोस्ट आणि तार एकच खातं होतं, निवृत्त झाले तेव्हा बीएसएनएलचं ओळखपत्र परत केलं. मधली बरीच वर्षं ट्रंक बोर्डावर, म्हणजे परगावचे कॉल हाताने जोडायच्या बोर्डावर, गेली. लोक १८० फिरवून कॉल बुक करायचे: ऑर्डिनरी, अर्जंट, नाहीतर लाइटनिंग. तिकीट लिहायचं, कॉर्ड लावायची, पलीकडून कलकत्ता किंवा मुंबई 'बोला' म्हणाली की हेडसेटमधून अंदाज घ्यायचा, आवाज दोन्हीकडे पोचतोय का. पी.पी. कॉल असला तर ज्याला बोलावलंय तोच माणूस फोनवर आला का, याची खात्री करायची. बाळंतपण, मरण, परीक्षेचा निकाल, कापसाचा भाव, सगळं आमच्या बोर्डावरून गेलं. दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही हा नियम पक्का होता, पण लाइन जिवंत आहे की तुटली ते पाहायला क्षणभर कान द्यावाच लागे. आवाजाची पारख हेच माझं काम होतं आणि मला त्याचा फार अभिमान होता.

म्हणून कान गेले तेव्हा मला ते इतरांपेक्षा आधी कळलं, आणि लागलंही जास्त. पहिल्यांदा स, श, फ, थ अशी अक्षरं गेली. गोकुळपेठच्या बाजारात भाजीवाला साठ म्हणाला की आठ, ते त्याच्या चेहऱ्यावरून ओळखायची वेळ आली. मग धाकट्या बहिणीचा जबलपूरहून फोन आला की तिचं वाक्य अर्धंच हाती लागायला लागलं. माझा समज होता की इतकी वर्षं हेडसेट डाव्या कानावर होता, त्यानेच घात केला. कानाच्या डॉक्टरांनी आलेख समोर ठेवून सांगितलं की दोन्ही कान सारखेच उतरलेत, हे वयाचं आहे. दोन्हीकडे साधारण ५५ डेसिबलची तूट, उंच स्वरांत त्याहून जास्त.

पहिली खरेदी फसली. शहरातल्या एका मोठ्या, चकाचक दुकानात गेले. तिथल्या मुलाने मला चार्जिंगवर चालणारी, कानात दिसणारही नाही अशी नाजूक जोडी दाखवली. किंमत जोडीची एक लाख ऐंशी हजार. मी विचारलं, "यात टी आहे का?" तो म्हणाला, "काकू, टी-कॉइल आता कोणी वापरत नाही. यात ब्लूटूथ आहे ना." मला त्याचं पटलं नव्हतं, तरी पंधरा दिवस घरी वापरून पाहायला घेतली. मोबाइलवरचं बोलणं कानात छान येत होतं, ते कबूल करते. पण घरातल्या फोनला त्याचा उपयोग नव्हता, आणि कूलर लागल्यावर हॉलमधला टीव्ही, माणसं, घरघर यांचा एकच काला कानात येत होता. परत द्यायला गेले तर सहा हजार कापून घेतले. कापणार हे आधी कुणी बोललं नव्हतं. तुम्ही ट्रायलवर घेणार असाल तर परतीच्या अटी कागदावर लिहून घ्या, नुसत्या तोंडी शब्दावर राहू नका.

'टी' मला कुठून ठाऊक, तर आमच्याच खात्यामुळे. ऐंशीच्या दशकात सिव्हिल लाइन्समधल्या एका वयस्कर ग्राहकाची तक्रार आली होती. त्यांचा आयटीआयचा (इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा) जड काळा फोन काढून लाइनमनने नवीन हलका फोन बसवला होता, आणि त्यांना त्यावर काहीच ऐकू येत नव्हतं. लाइनमनला नव्या फोनवर सगळं खणखणीत ऐकू यायचं, म्हणून तो म्हणे फोनमध्ये दोष नाही. दोन फेऱ्या झाल्यावर सुपरवायझर स्वतः गेले. ते गृहस्थ कानातल्या यंत्राचं बटण 'टी'वर नेऊन फोन ऐकत असत. जुन्या फोनच्या रिसीव्हरमध्ये चुंबक आणि तारेचं वेटोळं असतं. बोलण्याबरोबर त्याच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र थरथरतं आणि त्यातलं थोडं रिसीव्हरबाहेर झिरपतं. यंत्रातल्या 'टी'ला, म्हणजे टेलिकॉइलला, तेच हवं असतं. तीही एक बारीक तारेची गुंडाळीच. झिरपलेलं क्षेत्र ती पकडते, त्याची पुन्हा वीज होते, विजेचा आवाज होतो. माइक बंदच असतो, त्यामुळे खोलीतला गोंगाट मध्ये येतच नाही. नव्या फोनमधून काही झिरपत नव्हतं, एवढंच झालं होतं. काळा फोन परत बसवला आणि तक्रार मिटली.

धंतोलीतल्या ऑडिओलॉजिस्ट मुलीला मी हाच प्रश्न विचारला. तिचं दुकान पहिल्या मजल्यावर, दोन खुर्च्या आणि एक तपासणीची खोली, भिंतीवर तिचा आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी क्रमांक फ्रेम करून लावलेला. (हा क्रमांक असल्याशिवाय कुणाकडून कान तपासून घेऊ नका.) तिने यंत्र संगणकाला जोडलं, पाहिलं आणि म्हणाली, "काकू, कॉइल तर आहे यात. पण कोणी मागतच नाही, म्हणून बंदच राहून जाते. चालू करून देऊ?" दहा मिनिटांत तिने तीन प्रोग्रॅम लावून दिले: पहिला नुसता माइक, दुसरा नुसता टी, तिसरा दोन्ही मिळून. यंत्रावरचं बटण दाबलं की कानात एक, दोन, तीन अशा बारीक शिट्ट्या येतात, त्यावरून कुठला लागला ते कळतं.

म्हणजे ज्या भागासाठी मी वणवण केली तो यंत्रात आधीच होता, फक्त झोपवून ठेवलेला. तुमच्याकडे आधीची जोडी असेल तर ती फेकण्याआधी एवढं विचारून या.

आता ती लंडनची कंपनी. मल्टिटोन तिचं नाव, स्थापना १९३१. स्थापन करणारे जोसेफ पोलियाकॉफ हे रशियातून आलेले ज्यू गृहस्थ, आणि मूळचे टेलिफोनचे माणूस. क्रांतीनंतर ते तिथल्या सरकारच्या टेलिफोन खात्यात निरीक्षक झाले. क्रांती त्यांनी क्रेमलिनसमोरच्या आपल्या घरातून पाहिली होती. पुढे त्यांनी मॉस्कोतल्या पहिल्या स्वयंचलित एक्स्चेंजच्या उभारणीत भाग घेतला, आणि १९२४ मध्ये कुटुंब घेऊन इंग्लंडला निघून गेले. हे मी नातवाच्या मदतीने वाचून काढलं तेव्हा मला घरचं माणूस सापडल्यासारखं वाटलं. आमच्या खात्यात कितीतरी निरीक्षक पाहिले, खांबावर चढून लाइन तपासणारे, एक्स्चेंजच्या रॅकमध्ये डोकं घालून बसणारे. त्यांच्यातलाच एक जण परक्या देशात जाऊन बहिऱ्यांसाठी यंत्रं करायला बसला, हे मला सहज समजू शकतं. ज्याने लाइनवरचा खरखराट आयुष्यभर ऐकला त्यालाच दुबळ्या आवाजाची कणव येणार.

तेव्हाची यंत्रं म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हची. व्हॉल्व्ह तापवायला एक बॅटरी आणि चालवायला दुसरी, जास्त व्होल्टेजची. आजचं यंत्र कानामागे विसरून जाता येतं. त्या काळी बॅटऱ्यांचं ओझं अंगावर बाळगावं लागायचं. कानाच्या यंत्रात ट्रान्झिस्टर यायला १९५२ उजाडलं. या अडचणीतही मल्टिटोनने एक गोष्ट केली जिचा फायदा मी रोज घेते. आवाज आपोआप आवरून धरणाऱ्या यंत्राचं पहिलं पेटंट त्यांचं, आणि १९४८ मध्ये तशी सोय असलेलं अंगावर वागवायचं यंत्र त्यांनी बाजारात आणलं. ट्रंकवर आम्ही हेच हाताने करायचो. जबलपूरचा माणूस क्षीण ऐकू येतोय आणि नागपूरचा ओरडतोय, तर नागपूरच्याला सांगायचं, "साहेब, हळू बोला, त्यांना ऐकू येतंय." यंत्रातल्या या व्यवस्थेचं काम तेच. माझ्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होते तेव्हा ती कानावर आदळत नाही, आणि शिट्टी संपताच सुनेचा हलका आवाज पुन्हा वर येतो. पहिल्या महिन्यात मला हे लक्षातच आलं नव्हतं. चांगल्या ऑपरेटरचंही असंच असतं.

आणि १९३७. त्या साली पोलियाकॉफ यांनी ब्रिटनमध्ये इंडक्शन लूपचं पेटंट घेतलं. कल्पना इतकी सोपी की पहिल्यांदा वाचताना मी दोनदा वाचलं. टेलिफोनच्या रिसीव्हरमधलं तारेचं वेटोळं लहान असतं, म्हणून कान त्याला चिकटवावा लागतो. तेच वेटोळं अख्ख्या खोलीएवढं केलं तर? खोलीच्या चारी कडांनी तार फिरवायची, तिच्यात ॲम्प्लिफायरमधून आवाजाची वीज सोडायची. मग खोलीत कुठेही बसलेल्या माणसाच्या यंत्रातली कॉइल तो आवाज थेट पकडते. नाटकगृह असो की प्रार्थनेची जागा, मागच्या रांगेतल्यालाही वक्ता कानाशी बोलल्यासारखा ऐकू येतो. खिशात मावणाऱ्या यंत्रात अशी कॉइल बसवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या कंपन्यांतही मल्टिटोन होती. आज परदेशात सभागृहांच्या दारावर निळ्या पाटीवर कान आणि शेजारी टी हे अक्षर दिसतं, ते याच लूपचं चिन्ह.

आपल्या घरात हे का होऊ नये, असं मी नातवाला म्हटलं. तो डिप्लोमाला आहे, त्याला निमित्तच हवं होतं. आमचा हॉल १४ बाय १२ फुटांचा. बर्डीच्या बाजारातून ३५ मीटर वायर आणली, २० वॅटचा एक छोटा ॲम्प्लिफायर आणि सिमेंटचा एक रेझिस्टर. भिंतीच्या पायपट्टीच्या वरून दोन वेढे फिरवले, दाराशी तार चौकटीवरून वर नेली. नुसत्या तारेला विरोध फार कमी, त्याने ॲम्प्लिफायर जळला असता, म्हणून मध्ये तो रेझिस्टर. टीव्हीच्या हेडफोनच्या जागेतून आवाज ॲम्प्लिफायरला दिला. एकूण खर्च १,९०० रुपये आणि एक रविवार.

संध्याकाळी सातच्या बातम्या लागल्या, कूलर पूर्ण वेगावर होता. मी बटण दाबलं, दोन शिट्ट्या झाल्या आणि कूलर नाहीसा झाला. खरंच नाहीसा झाला. पंखा फिरताना दिसत होता, वाऱ्याने पडदा हलत होता आणि कानात फक्त बातम्या वाचणाऱ्या मुलीचा आवाज, तिचे स आणि श सुद्धा. मी यांच्याकडे पाहिलं तर ते काहीतरी बोलत होते आणि मला ते ऐकू येत नव्हतं. मग तिसरा प्रोग्रॅम लावला, माइक आणि टी दोन्हींचा. तेव्हा ते म्हणत होते ते कळलं: "येऊन राहिलं का ऐकू?"

दोष सांगते, कारण हे सगळं ऐकून कुणी लगेच वायर आणायला जाईल. टी सगळ्याच चुंबकीय क्षेत्रांना भुलतो. आमच्या घरच्या जुन्या ट्यूबलाइटचा चोक, फ्रिजचा स्टॅबिलायझर आणि कूलरची मोटर यांचा बारीक गुणगुणाट कानात यायचा. ट्यूबलाइट बदलून एलईडी लावला, स्टॅबिलायझर दुसऱ्या भिंतीला नेला, माझी खुर्ची कूलरपासून सहा-सात फूट दूर सरकवली, तेव्हा तो विरला. दुसरं म्हणजे कॉइल यंत्रात उभी बसवलेली असते. ताठ बसलं की आवाज भरून येतो, दिवाणावर कुशीवर पडलं की ओसरतो. दुपारी पडल्यापडल्या टीव्ही पाहायची सवय मला सोडावी लागली. तिसरं, लूपचं क्षेत्र भिंतीपाशी थांबत नाही, ते शेजारच्या खोलीत आणि वरच्या मजल्यावरही थोडं जातं. वर कुणी टी लावून बसलं असेल तर त्यांना आमच्या टीव्हीवरचं सगळं ऐकू जाईल. फ्लॅटमध्ये राहत असाल तर हे लक्षात ठेवा.

या तिसऱ्या दोषातूनच पेजर निघाला म्हटलं तरी चालेल. तार फिरवलेल्या आवारात कुणीही कुठेही असो, त्याच्या खिशातल्या कॉइलला बोलावणं पोचतं. मग ते आवार एखाद्या इस्पितळाचं का असू नये? १९५६ मध्ये लंडनमधल्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये, थेम्सच्या काठी पार्लमेंटच्या समोर, मल्टिटोनने अशी यंत्रणा बसवली. तोवर डॉक्टरला शोधायचं तर घंटा, दिवे, भोंगे, नाहीतर धावणारा शिपाई. आता खिशातलं यंत्र एकट्या त्या डॉक्टरला खुणावायचं, वॉर्डात झोपलेल्या रुग्णांची झोप मोडायची नाही. जगातला पहिला पेजर आमचा, असं मल्टिटोन म्हणते. अमेरिकेत अल ग्रॉस यांनी १९४९ मध्येच अशा यंत्राचं पेटंट घेतलं होतं, त्यामुळे त्या मानाला दुसराही धनी आहे. मला त्या वादापेक्षा हे मोलाचं वाटतं की कानासाठी केलेली वस्तू चार पावलं पुढे जाऊन दुसऱ्याच गरजेला लागली.

आपल्याकडे पेजर १९९५ मध्ये आला. माझा भाचा तेव्हा मुंबईला डॉक्टरकी शिकत होता, कमरेला पेजर लावून फिरायचा. त्याला निरोप द्यायचा तर पेजर कंपनीच्या ऑपरेटरला फोन करायचा, ती ऐकून टाइप करायची. मी तिला सावकाश सांगायची, "आई बरी आहे, जेवून घे." मराठी शब्द ती इंग्रजी अक्षरांत लिहायची आणि मला परत वाचून दाखवायची. तिचा नीट, न कंटाळलेला आवाज मला अजून आठवतो. काही वर्षांत मोबाइल आला आणि ते सगळं गेलं. इंग्लंडच्या इस्पितळांत मात्र पेजर टिकले. तिथल्या सरकारने २०१९ मध्ये ते काढून टाकायचं जाहीर केलं तेव्हा सरकारी आरोग्यसेवेत सुमारे १,३०,००० पेजर वापरात होते. जाड भिंतींतून निरोप पोचतो, सेल कितीतरी दिवस पुरतो, मोबाइलचं जाळं कोलमडलं तरी तो चालतो, ही त्यामागची कारणं. मल्टिटोन आजही आहे, बेसिंगस्टोक गावात, आणि इस्पितळांसाठी संपर्काची यंत्रणा बनवते.

एक गोष्ट मात्र वाचून मला वाईट वाटलं. विन्स्टन चर्चिल या कंपनीचे गिऱ्हाईक होते. जोसेफ यांचा मुलगा अलेक्झांडर, ज्याने पुढे कितीतरी वर्षं कंपनी सांभाळली, त्याच्यावर ब्रिटनच्या एमआय-५ या गुप्तचर खात्याचा संशय होता की चर्चिलच्या कानाच्या यंत्रातून तो हेरगिरी करतोय. कारण काय, तर घराणं रशियातून आलेलं. घरच्यांना हे फार उशिरा कळलं. मी ऑपरेटर होते, म्हणून मला हे जास्त झोंबलं. आम्ही आयुष्यभर लोकांची बोलणी जोडून दिली आणि आपल्या पोटात ठेवली. घरी आईलासुद्धा कधी सांगितलं नाही की आज कुणाचा कॉल कुणाला लागला. जो माणूस बहिऱ्याच्या कानात आवाज पोचवण्यासाठी राबतो, त्याच्यावरच चोरून ऐकल्याचा आळ, याहून मोठा अपमान मला सुचत नाही.

आता परत यंत्राकडे, वापराच्या गोष्टी. १३ नंबरच्या सेलच्या पाठीवर नारिंगी पट्टी असते. ती काढली की आत हवा शिरते आणि सेल जागा होतो, म्हणून पट्टी काढल्यावर मिनिटभर थांबून मगच बसवायचा. एकदा पट्टी काढली की यंत्र वापरा न वापरा, सेल संपत जातो. सहा सेलचं पान मला २४० रुपयांना पडतं. दिवाळीच्या सुमाराला एक सेल दहा दिवस जातो, मे महिन्यात सातव्या-आठव्या दिवशीच मान टाकतो, कारण आपल्याकडची कोरडी हवा त्यातला ओलावा शोषून घेते. पावसाळ्यात उलटं, दमट हवेने यंत्राच्या नळीत पाण्याचे थेंब धरतात. रात्री सेलचं दार उघडं ठेवून यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवते. डबी दुकानाने सोबत दिली होती. उन्हाळ्यात घामासाठी कानामागे मऊ सुती फडकं फिरवते, तेल लावल्या दिवशी यंत्र तासभर उशिरा घालते.

साचा पहिल्यांदा डाव्या कानात टोचत होता. दोनदा गेले, दोन्ही वेळा त्या मुलीने समोर बसून घासून दिला, पैसे घेतले नाहीत. दोन वर्षांत उजव्या यंत्राची नळी कडक झाली ती बदलली, तिचे १५० रुपये झाले. बाकी दुरुस्ती शून्य. बिल पाहून घ्या, कानाच्या यंत्रावर जीएसटी नाही. आणि ज्यांना ही किंमत झेपत नाही त्यांनी कानपूरच्या अलिम्को या सरकारी कारखान्याच्या यंत्रांची चौकशी करावी. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना केंद्राच्या एडिप योजनेतून ती मोफत किंवा सवलतीत मिळतात. त्या यंत्रांत टी आहे का, तेही तिथेच विचारा.

ब्लूटूथ वाईट आहे असं मी म्हणत नाही. नातवाच्या वयाच्या माणसाला मी तेच घ्यायला सांगेन, पण यंत्रात ब्लूटूथ आणि टी दोन्ही असतील असं पाहून. ब्लूटूथला जोडणी करावी लागते, एका वेळी एकाच्या मोबाइलशी. लूपला ओळखदेख लागत नाही. त्या तारेच्या आत येऊन बसलेला कुणीही बहिरा माणूस, कुठल्याही कंपनीचं यंत्र लावलेला, बटण दाबतो आणि ऐकतो. मोबाइल घेतानाही खोक्यावर किंवा माहितीपत्रात टी३ किंवा टी४ असं लिहिलंय का पाहा. तसं असेल तर तो टेलिकॉइलशी जमवून घेतो.

घरातल्या लँडलाइनला मी आता आयटीआयचा जुना काळा फोन जोडलाय. आलेले फोन त्यावरच घेते. रिसीव्हर कानाच्या भोकावर धरायचा नाही, थोडा मागे, यंत्रावर टेकवायचा, आणि किंचित फिरवून जिथे आवाज भरतो ती जागा शोधायची. बोर्डावर शेवटच्या रांगेतला जॅक हाताला सापडायचा तशी ती जागा सापडते, आठवड्याभरात सवय होते. बहिणीचं वाक्य आता पूर्ण ऐकू येतं. ती मध्ये थांबून श्वास घेते तेही.

मागच्या महिन्यात माझ्या शेजारच्या पोझिशनवर बसणारी मैत्रीण भेटली. ती त्रिमूर्तीनगरला लेकाकडे असते. कानात चांगली महागडी जोडी, पण फोन सुनेच्या हातात देते, म्हणते मला त्यावर काही कळत नाही. तिला धंतोलीला घेऊन गेले. तिच्या यंत्रातही कॉइल होती आणि ती तीन वर्षं बंद होती. मुलीने चालू करून दिली. मी तिला सांगितलं, रात्री नऊला फोन करते, तू स्वतः उचल, दोनदा बटण दाबून रिसीव्हर मागे टेकव.

नऊला फोन लावला. चार घंट्या गेल्या, रिसीव्हर उचलल्याचा खटका ऐकू आला, मग थोडी खुडबुड, बहुतेक जागा शोधत असावी. मी मुद्दाम काही बोलले नाही. आणि मग पलीकडून, चाळीस वर्षांपूर्वीच्या नाइट ड्यूटीवर यायचा तसाच, ठाम आणि स्वच्छ आवाज आला:

"नागपूर ट्रंक. बोला."